स्वाकोपमुंडचे चार दिवस

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझा मोबाईल मला एक फोटो दाखवतो. 'या दिवशी, दोन वर्षांपूर्वी' वगैरे. आपल्याला विचारत नाही, मागे मंद संगीत लावून थेट दाखवतो. फोटोत वाळूचे छोटे छोटे उंचवटे आहेत, साधारण माणसाच्या लांबीचे, ओळीने नाही पण अगदी विस्कळीतही नाही. एकावर बापू हात पसरून शाहरुखसारखा उभा आहे. दुसऱ्यावर डॉक्टर बसून बुटातली वाळू झटकतेय. मी फोटोत नाही, फक्त माझी लांबलचक सावली आहे. पण फोटो मीच काढलाय.

या फोटोबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत बरेच रविवार गेले. आज बाहेर धो धो पाऊस आहे, कुठे जायची सोय नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

तर झालं असं की २०२३ साली कंपनीने मला आठ महिन्यांसाठी नामिबियाला पाठवलं. विंडहुक, म्हणजे तिथली राजधानी. नामिबिया नक्की कुठे आहे हे मीसुद्धा आधी गुगल मॅपवरच पाहिलं होतं, त्यामुळे तुम्हालाही माहीत नसेल तर लाजू नका. दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर, डावीकडे, अटलांटिकला लागून. देश आकाराने महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्यापेक्षा कमी. प्लग मात्र आपल्या गीझरचा असतो तसा जाडा तीन पिनांचा, त्यामुळे पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं.

बापू नागपूरचा. आमचा डेटाबेसवाला. संत्री आणि उन्हाळा या दोन विषयांवर त्याच्याशी वाद घालू नये. डॉक्टर सांगलीची, टेस्टिंगमध्ये. डॉक्टर ही पदवी आम्ही दिलेली, कारण तिच्या पर्समध्ये क्रोसिनपासून इनोपर्यंत सगळं सापडतं. आणि चौथा मामा.

मामा क्लायंटकडचा माणूस. पन्नाशीच्या आसपास, दणकट, सावकाश बोलणारा, हेरेरो जमातीचा. पहिल्याच आठवड्यात त्याने आम्हाला घर शोधून दिलं, सिमकार्ड मिळवून दिलं, कुठल्या रस्त्याने रात्री चालत जायचं नाही ते सांगितलं. बापू म्हणाला, हा तर आपला मामाच. मामा म्हणजे काय, असं त्याने विचारलं. आईचा भाऊ, असं सांगितल्यावर तो एकदम गंभीर झाला. मग त्याने समजावलं की हेरेरोंमध्ये माणसाची नाती दोन बाजूंनी मोजतात, वडिलांकडून एक आणि आईकडून एक, आणि आईकडच्या बाजूने आईच्या भावाला फार महत्त्व. पूर्वी गुरंढोरं मामाकडून भाच्याकडे जायची. "मी तुमचा मामा असेन तर माझ्या गायींवर तुमचा हक्क लागतो," तो म्हणाला. गावाकडे त्याच्या खरोखरच गायी होत्या. 'मामा बनवणे'चा अर्थ आम्ही त्याला कधीच सांगितला नाही.

तिथे उत्तरेकडे 'महांगू' नावाचं धान्य खातात. सुपरमार्केटमध्ये त्याचं पीठ पाहून डॉक्टर ओरडलीच, "अरे ही बाजरी!" खरोखरच बाजरी. मग एका रविवारी आमच्याकडे भाकऱ्या झाल्या. माझी भाकरी नकाशातल्या नामिबियासारखी झाली होती, पण मामाने तीन खाल्ल्या. सोबत त्याने आणलेलं ओमायरे, म्हणजे हेरेरोंचं आंबवलेलं दूध. आपल्या घट्ट ताकाचा चुलतभाऊ म्हणा. एवढं सगळं सांगतोय कारण पुढे जे झालं ते अनोळखी माणसाबरोबर झालं असतं तर मी विसरूनही गेलो असतो.

२५ मेला तिथे आफ्रिका दिनाची सुट्टी असते. २०२३ मध्ये ती गुरुवारी आली. शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस मोकळे. हे गणित जगातला कुठलाही आयटीवाला झोपेतसुद्धा करतो. ऑफिसात सगळे म्हणाले, स्वाकोपमुंडला जा. वाळवंट आणि समुद्र एकत्र, जर्मन काळातलं देखणं गाव, बेकरीत केक फार छान. आम्ही मामाला म्हटलं, चल.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "मी त्या गावात सुट्टीला जात नाही."

आम्हाला वाटलं, खर्चाचं काही असेल किंवा घरचं काही असेल. पुढे विचारलं नाही. (इथे मी हे वाक्य तीनदा खोडून परत लिहिलंय. आम्ही विचारलं नाही, एवढंच खरं.)

विंडहुक ते स्वाकोपमुंड साधारण ३६० किलोमीटर. ओकाहांजा, कारिबिब, उसाकोस. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, डॉक्टर चालवत होती, बापू गाणी लावत होता. विंडहुक सोळाशे-सतराशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे रस्ता सगळा उताराचा. उसाकोसनंतर झुडपं कमी होत जातात, मग गवत संपतं, मग नुसती सपाट करडी जमीन. ऊन रणरणतंय, काच खाली केली की भाजतंय. आणि शेवटच्या पट्ट्यात समोर एक पांढरी भिंत उभी. आत शिरलो आणि दहा मिनिटांत स्वेटर काढावे लागले. बॅगेतून, अंगातून नव्हे. मे महिन्यात नागपूरच्या माणसाला थंडीने कुडकुडताना बघण्यात काय मजा आहे ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

हे धुकं म्हणजे त्या गावाचा प्राण. किनाऱ्यालगत बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. समुद्रावरची हवा त्याने गार होते, तिचं धुकं होतं, पण ती वर चढत नाही म्हणून पाऊस होत नाही. वर्षाकाठी जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर पाऊस. आपल्याकडे जुलैत एवढा दुपारच्या चहाच्या आत पडतो. पण वर्षातले शंभराहून जास्त दिवस धुकं येतं आणि वाळवंटातले किडे, झुडपं, शेवाळं त्याच्यावर जगतात. एक भुंगा तर पहाटे वाळूच्या कडेवर जाऊन शीर्षासन करतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात, ते घरंगळत तोंडात येतात. आमच्या अपार्टमेंटच्या पाणी कमिटीला हा व्हिडिओ मी फॉरवर्ड केला होता. कुणी हसलं नाही.

गाव मात्र खरोखरच देखणं. म्हणजे तुम्ही नामिब वाळवंटातून तीन-चार तास गाडी चालवत येता आणि धुक्यातून एकदम लाकडी चौकटींची घरं, उतरती छपरं, मनोरे, ताडाची झाडं. १९०१ चं रेल्वे स्टेशन, आता हॉटेल आहे. पांढऱ्या-लाल पट्ट्यांचा दीपस्तंभ. होहेनझोलर्न हाऊस नावाच्या इमारतीच्या डोक्यावर पृथ्वीचा गोळा पाठीवर घेऊन वाकलेला ॲटलस. तो पाहून बापू म्हणाला, "आपला प्रोजेक्ट मॅनेजर." १९०५ चं व्योरमान हाऊस, मनोरा असलेलं, आत सार्वजनिक वाचनालय. समुद्रात लांबवर गेलेला धक्का, त्याच्या टोकाला रेस्टॉरंट. रस्ते रुंद, कचरा नाही, हॉर्न नाही. बेकरीत जर्मन बोलणाऱ्या आजीबाईंनी ॲपल स्ट्रुडेल दिलं आणि आम्ही तिघेही दहा मिनिटं काही बोललो नाही.

बापू पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काय शिस्त राव. वाळवंटात गाव बसवलं." मीही मान डोलावत होतो. आपण महाबळेश्वरला जातो, फोर्टमध्ये फिरतो, दगडी इमारती बघून 'साहेबाचं काम' म्हणतो, तो सूर आपोआप लागतो.

गाव इथेच का, हे मला माहितीफलकांवरून थोडंफार कळलं. तीसेक किलोमीटरवर वॉल्व्हिस बेला चांगलं नैसर्गिक बंदर आहे, पण ते आधीच ब्रिटिशांनी घेतलं होतं. मग जर्मनांनी १८९२ मध्ये जिथे बंदर नाही तिथे बंदर करायचं ठरवलं. नदी आहे, पण बहुतेक वर्षं कोरडीच. स्वाकोप नदीचं मुख म्हणून स्वाकोपमुंड. स्वाकोप हा मूळ नामा भाषेतला शब्द आणि त्याचा अर्थ, सभ्य भाषेत सांगायचं तर, पूर येतो तेव्हाच्या पाण्याच्या रंगावरून आणि शौचाच्या क्रियेवरून पडलेला आहे. पर्यटन खातं हे मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

शुक्रवारी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, गावाबाहेर एका छोट्या इमारतीत ठेवलेलं वाफेचं इंजिन, नाव 'मार्टिन ल्यूथर'. १८९६ मध्ये बैलगाड्यांना पर्याय म्हणून जर्मनीहून आणलेलं अवजड धूड. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं आणि आपण वाळवंटात आहोत, हे रिक्वायरमेंट गोळा करताना बहुधा कुणी नोंदवलं नसावं. थोडे दिवस चाललं, मग वाळूत बसलं ते बसलंच. ल्यूथर म्हणे धर्मसभेपुढे 'मी इथून हलणार नाही' अशा अर्थाचं काही बोलला होता, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. आम्ही तिघांनी त्याच्याबरोबर आमच्या जुन्या बिलिंग सिस्टीमच्या स्मरणार्थ फोटो काढला.

दुसरी, झायला. उत्तरेला हेंटीज बेच्या वाटेवर किनाऱ्याला लागून अडकलेलं एक मासेमारीचं जहाज. या किनाऱ्यावर जहाजं फुटणं काही नवीन नाही, पण याची गोष्ट वेगळी. हे जहाज भंगारात निघालं होतं, एका भारतीय कंपनीने घेतलं होतं आणि मुंबईकडे यायला निघालं होतं. २५ ऑगस्ट २००८ च्या पहाटे ओढून नेताना दोर सुटला आणि ते इथे येऊन रुतलं. म्हणजे दारूखान्याच्या की कुठल्याशा भंगारवाल्याकडे पोचायचं ते पंधरा वर्षं इथे लाटा खात उभं. डोलकाठीवर पाणकावळ्यांची कॉलनी. पुढचे मागचे विचार न करता डॉक्टर म्हणाली, "बिचारं, घरी पोचलंच नाही." बापूने लगेच सुधारणा केली की घरी पोचलं असतं तर कापलं असतं.

परत आलो तेव्हा चार-साडेचार झाले होते. ऊन तिरपं, धुकं पांगलेलं. गाडी लावून गावाच्या कडेने चालत निघालो, नदीच्या कोरड्या पात्राच्या बाजूला. तिथे दफनभूमी आहे. हिरवळ, ताड, संगमरवरी दगड, ताजी फुलं. आम्ही आत गेलो नाही, उगाच कशाला म्हणून. मागच्या बाजूने शॉर्टकट मारला. तिथे उघड्या वाळूत ते उंचवटे होते. उजेड इतका सुंदर पडला होता की प्रत्येक उंचवट्याची एक बाजू सोनेरी आणि दुसरी काळी. बापू म्हणाला, "घे, घे, घे." मी घेतला.

रात्री गेस्टहाऊसवर कुकर लावला (हो, डॉक्टरने कुकर आणला होता) आणि दिवसभराचे फोटो टीमच्या ग्रुपवर टाकले. इंजिन, जहाज, दीपस्तंभ, आणि तो. लोकांनी अंगठे दिले. मग मामाचा मेसेज आला.

"शेवटचा फोटो कुठे काढलात?"

मी नकाशावरची जागा पाठवली. निळ्या खुणा झाल्या. वीस मिनिटं काहीच नाही. मग: "उद्या येतो. कुठे उतरलात?"

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो आला. बरोबर भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा, गाडी चालवायला. पहाटे निघाले असणार. त्या दिवशी हवा पूर्ण उलटली होती. वारा समुद्रावरून नाही, वाळवंटाकडून येत होता, गरम, वाळू घेऊन. हिवाळ्यात तिथे असे दिवस येतात. दाताखाली कचकच होत होतं.

चहा घेतला. मामाने माझा मोबाईल मागितला आणि दोन दिवसांचे सगळे फोटो एकेक करून पाहिले. दीपस्तंभाशेजारच्या ब्राँझच्या सैनिकाच्या पुतळ्याजवळ आमचा सेल्फी होता. व्योरमान हाऊसच्या मनोऱ्याखाली डॉक्टर होती. स्टेशन होतं. उंचवटे होते. त्याने फोन परत दिला.

"एकही चुकवलं नाहीत," तो म्हणाला.

तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर सोपं गेलं असतं. त्याने आम्हाला त्याच जागांवरून परत नेलं. गाईडसारखं काहीही नाही, मधे मधे लांब गप्प.

त्याने सांगितलेलं आणि नंतर मी वाचलेलं, दोन्ही एकत्र करून लिहितो. जानेवारी १९०४ मध्ये हेरेरोंनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. जमिनी आणि गुरं जात होती, हे मुख्य कारण. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गला लढाई झाली आणि हरलेल्यांना, बायकामुलांसकट, पूर्वेच्या ओमाहेके वाळवंटात हाकललं. पाणवठ्यांवर पहारे बसवले. २ ऑक्टोबर १९०४ ला जनरल फोन ट्रोथाने हुकूम काढला की जर्मन हद्दीत सापडलेल्या प्रत्येक हेरेरोला गोळी घातली जाईल. पुढे नामा लोकांचीही तीच गत. जे उरले त्यांना १९०५ पासून छावण्यांत कोंबलं. त्यातली एक स्वाकोपमुंडला. जहाजांवरचा माल उतरवायला आणि रेल्वे बांधायला. व्योरमान ही जहाज कंपनी. छावणीतले कैदी तिच्यासाठी राबत होते. तो ब्राँझचा सैनिक ज्यांच्या स्मरणार्थ १९०८ मध्ये उभारला, ते याच युद्धात हेरेरोंशी लढायला आलेले दर्यावर्दी शिपाई.

अंदाज वेगवेगळे आहेत, पण हेरेरोंपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं त्या चार वर्षांत गेली. विसाव्या शतकातला पहिला वंशसंहार म्हणून इतिहासकार याचं नाव घेतात. मी इंजिनिअरिंगला होतो त्यामुळे इतिहास दहावीनंतर सुटला, ही सबब मी मनातल्या मनात देऊन पाहिली. चालली नाही. पण दुसऱ्या महायुद्धावरचे सिनेमे मी डझनभर पाहिलेत.

एक गोष्ट मामाने धक्क्याजवळ सांगितली. पकडून आणलेले सगळे आतल्या कोरड्या, उबदार पठारावरचे लोक. गुरांच्या वाघिणींतून रेल्वेने इथे आणले. अंगावर गोणपाटाचे तुकडे. आणि हे धुकं. ज्याचं आम्ही दोन दिवस कौतुक करत होतो ते. खायला तांदूळ दिला जायचा. हेरेरो दुधामांसावर जगणारे, तांदूळ त्यांनी कधी पाहिलेला नव्हता आणि शिजवायला भांडी नव्हती. लोक कच्चा, अर्धाकच्चा तांदूळ खाऊन आजारी पडायचे. इथल्या एका जर्मन मिशनऱ्याने हे लिहून ठेवलेलं आहे. मामाच्या आजीच्या आईची बहीण आणि तिची दोन मुलं ओकाहांजाहून इथे पाठवली होती. पुढचं घरात कुणाला माहीत नाही.

"म्हणजे तिथे असतील असं नाही," तो म्हणाला. "पण नसतील असंही नाही."

मग आम्ही तिथे गेलो. यावेळी पुढच्या दाराने. हिरवळ, नळी लावून पाणी चाललेलं, जर्मन नावं. चालत चालत मागे, आणि हिरवळ एका रेषेत संपते. पुढे वाळू. इथे स्मरणार्थ एक दगड उभारलेला आहे, आदल्या दिवशी आम्ही मागून आल्याने आम्हाला दिसलाच नव्हता. आणि उंचवटे. काहींच्या कडेने छोटे दगड लावलेले, बहुतेकांना काहीच नाही. वाऱ्याने ते झिजतात, सपाट होतात. काही मंडळी येऊन परत वाळू ओढून आकार देतात. कित्येक वर्षं लोक इथून चारचाकी मोटारसायकली पळवायचे, धावायला यायचे. त्या दिवशी वारा असा होता की आमच्या डोळ्यांदेखत एका बाजूची वाळू सरकत होती.

मामाने आणि भाच्याने टोप्या काढल्या. मामा खाली बसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, बराच वेळ. प्रार्थना नव्हती, कुणाला तरी बातमी सांगावी तसा सूर होता. त्यात एकदा आमच्याकडे हात केला. काय सांगितलंस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. भाच्याने नंतर आपणहून सांगितलं: "हे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना माहीत नव्हतं, असं म्हणाला."

बाहेर आल्यावर बापूचं आणि मामाचं वाजलं. बापू वाईट माणूस नाही, पण अपराधी वाटलं की तो वकील होतो. त्याचं म्हणणं, बोर्ड नाही, कुंपण नाही, गाईडबुकात पानभर केक आहे आणि हे दोन ओळीत. आम्हाला कसं कळणार? आणि इतकंच होतं तर तू बुधवारी का नाही सांगितलंस?

हा शेवटचा प्रश्न मलाही पडला होता, फक्त मी विचारला नव्हता.

मामा म्हणाला, "मी सांगितलं. मी त्या गावात सुट्टीला जात नाही, असं म्हणालो. तुम्ही विचारलं नाहीत."

"तू सरळ बोलायचंस ना."

"प्रत्येक नव्या माणसाला मीच सांगायचं? तीस वर्षं सांगतोय. जर्मन पर्यटकांना सांगितलं, ते रडले आणि मी त्यांना पाणी दिलं. कधी कधी मला कंटाळा येतो, बापू."

डॉक्टर गाडीत जाऊन बसली. मी बुटांकडे बघत होतो. त्यांत अजून कालची वाळू होती.

दुपारी मामाने आम्हाला मोंडेसाला नेलं. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या लोकांना गावाबाहेर काढून वसवलेली वस्ती. आता तिथेही चांगली घरं आहेत, त्यापुढे पत्र्याची घरं पसरत चाललीत. कोपऱ्यावर कपाना, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसाचे तुकडे, तिखटमिठात बुडवून खायचे. बापू शाकाहारी, त्याला तळलेले गोड वडे मिळाले. खाताना वातावरण जरा सैलावलं. भाच्याने क्रिकेटचा विषय काढला. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये सचिनने नामिबियाविरुद्ध दीडशे मारले होते, हे त्याला त्याच्या वडिलांनी सांगितलेलं. बापूला १५२ हा नेमका आकडा पाठ होता. दोघांचं जमलं.

रात्री ते आमच्याकडेच थांबले. डॉक्टरने कुकर काढला, तांदूळ मोजायला घेतला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मामा सोफ्यावरून म्हणाला, "अगं कर, मला आवडतो." त्याने वरणभातावर लिंबू पिळून दोनदा घेतला. आता यावर काय बोलणार.

रविवारी सकाळी निघायच्या वेळी बापू गायब. फोन उचलत नव्हता. पाऊण तासाने चालत आला, धुक्याने केस ओले. हातात पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली. कुठे होतास विचारलं तर म्हणे, फिरायला. गाडीत बसल्यावर मी तो फोटो परत उघडून झूम केला. डॉक्टरच्या पायाशी, उंचवट्याला टेकवून ठेवलेली बाटली दिसते. आमचीच. बापूने रात्री तेच केलं असणार. त्याने यावर एक शब्द काढला नाही, आणि मामा शेजारी होता म्हणून मीही नाही.

ग्रुपवरून मी तो फोटो काढून टाकला. मोबाईलमधून काढू का, हे मी सोमवारी मामाला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचारलं. त्याने चमचा खाली ठेवला. "तुझा फोटो आहे. मला का विचारतोस?" खरंतर त्याने हो किंवा नाही म्हणावं, म्हणजे मी सुटलो, अशी माझी अपेक्षा होती. फोटो राहिला.

नंतरच्या महिन्यांत मी बरंच वाचलं. जर्मनीने मे २०२१ मध्ये हा वंशसंहार होता असं मान्य केलं, तीस वर्षांत एक अब्ज दहा कोटी युरो देऊ केले, पण नुकसानभरपाई हा शब्द वापरला नाही. आमच्याशी बोलणी का केली नाहीत, असं हेरेरो आणि नामांच्या बऱ्याच संघटनांचं म्हणणं. 'संशोधना'साठी जर्मनीला नेलेल्या कवट्या २०११, २०१४ आणि २०१८ मध्ये थोड्या थोड्या करून परत आल्या. मामा २०११ ला विमानतळावर गेला होता. हे त्याने सांगितलं नाही, मीच विचारलं तेव्हा कळलं. विचारायला लागल्यावर तो बराच बोलायचा. कधी कधी 'आज नको' म्हणायचा, तेव्हा आम्ही बाजरीबद्दल बोलायचो.

डिसेंबरमध्ये मी परत आलो. बापू आता पुण्यात दुसऱ्या कंपनीत आहे, डॉक्टर लग्न करून डब्लिनला.

२०२५ पासून नामिबियाने २८ मे हा वंशसंहार स्मृतिदिन ठरवला. १९०७ मध्ये त्या तारखेला छावण्या बंद करण्याचा हुकूम निघाला होता, म्हणून. त्याच आठवड्यात मोबाईलने फोटो वर काढला होता, म्हणून मी मामाला फोन केला. मला वाटलं, तो समाधानी असेल. तो वैतागलेला होता. तारीखच चुकली म्हणे. छावण्या बंद झाल्या त्या दिवसाची कसली आठवण काढायची? हुकूम निघाला तो २ ऑक्टोबर हवा होता, आमची बरीच माणसं त्याच दिवसाच्या बाजूची आहेत. दहा मिनिटं तावातावाने बोलला. मग म्हणाला, असो, सुट्टी आहे, उद्या गावाला चाललोय, गायी बघायला.

"त्यातल्या माझ्या किती?" मी विचारलं.

"एक होती. दुष्काळात विकली."

मग त्याने विचारलं की महांगूची भाकरी त्याच्या बायकोकडून तव्यावर टाकताना दर वेळी तुटते, त्यासाठी पीठ गरम पाण्यात भिजवायचं की गार. मी म्हटलं, थांब, आईला विचारून सांगतो. आई म्हणाली, उकळतं पाणी घ्यायचं आणि पीठ ताजं हवं. जुनं झालं की विरी जाते. 'विरी जाणे' इंग्रजीत कसं सांगायचं ते मला जमलं नाही, म्हणून शेवटी मी आईलाच फोन दिला. ती मराठीत बोलत होती आणि तो तिकडून 'येस, येस' म्हणत होता.